टाकाऊतून टिकाऊ: मुलांना दाखवण्याजोगे जुने अनुबोधपट कोणते?

प्रश्न: पिंपळपार (पुणे)

सर्वांना नमस्कार.

पुण्यातील एका वस्तीत आम्ही चार-पाच जणी मिळून एक लहानसे वाचनालय चालवतो. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी तेथे मुलांसाठी चित्रपट दाखवला जातो. प्रोजेक्टर उसना आणावा लागतो आणि दोन पांढऱ्या चादरी जोडून शिवलेला पडदा भिंतीवर ताणून बांधावा लागतो, पण पाचवी ते नववीतली ३०-४० मुले नेमाने येतात आणि त्यांच्या मागे सतरंजीवर त्यांच्या आया आणि आज्याही येऊन बसतात.

गेल्या वर्षी आम्ही कचऱ्याच्या पुनर्वापरावरचा एक नवा, रंगीत आणि दिसायला फार देखणा लघुपट दाखवला. त्यात एक मुलगा रिकामी बाटली निळ्या डब्यात टाकतो आणि पुढच्याच दृश्यात तशा बाटल्यांपासून तयार केलेल्या बाकावर त्याचे आजोबा बसलेले दिसतात. लघुपट संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मधलं कुठं गेलं?" तिची आई कचरावेचक आहे. पहाटे चारला घराबाहेर पडून ती जे काम करते, ते सगळेच्या सगळे त्या दोन दृश्यांच्या मधल्या फटीत नाहीसे झाले होते. ते त्या मुलीने पाहिले आणि आम्ही मोठ्यांनी पाहिले नव्हते, याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून जून महिन्याच्या कार्यक्रमासाठी मी जुन्या अनुबोधपटांकडे वळले आहे. ज्या काळात वस्तू खरोखरच दुर्मीळ होत्या, त्या काळातल्या चित्रपटांत एखादी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हे अधिक सावकाश दाखवले असेल, असे मला वाटते. चित्रपट कृष्णधवल असले तरी चालतील. सगळे मिळून दीड तासाच्या आत बसावेत, इंग्रजी किंवा अन्य भाषेतले निवेदन असल्यास आम्ही पडद्याशेजारी उभे राहून मराठीत वाचू शकू इतके ते साधे असावे आणि दाखवण्यात कायद्याची अडचण नसावी, एवढ्याच अपेक्षा आहेत. मी स्वतः या विषयावरचा मिनी माउसचा युद्धकाळातला एक छोटा चित्रपट तेवढा पाहिला आहे, पण तो मुलांसमोर ठेवावा की नाही, याविषयी माझ्या मनात शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: रिळांची पेटी (कोल्हापूर)

ताई, त्या मुलीचा प्रश्न वाचून मी माझी जुनी टिपणवही काढून बसलो. गेली काही वर्षे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सरकारी लघुपट पाहणे आणि त्यांची टिपणे करणे हा माझा छंद आहे. तुमच्या विषयाला त्यांच्याइतका जवळचा साठा दुसरा नाही, असे मला मनापासून वाटते. जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजांनी येणारा कागद, लाकूड आणि खनिजे यांचा ओघ आटला होता, त्यामुळे घराघरातून निघणारी रद्दी, चिंध्या, हाडे आणि पत्रा हाच कारखान्यांचा कच्चा माल झाला. तो घरातून बाहेर काढायचा तर लोकांना समजावून सांगणे भाग होते, आणि ते काम तेथील माहिती मंत्रालयाने लघुपटांवर सोपवले.

प्रारंभ 'डस्टबिन परेड' या १९४२ च्या लघुपटाने करावा. तो ॲनिमेशनपट आहे आणि म्हणून त्याला अनुबोधपट म्हणावे का, असा आक्षेप कोणी घेईल, पण त्याचा हेतू आणि त्याचे काम अनुबोधपटाचेच होते. जॉन हॅलास आणि जॉय बॅचलर या दांपत्याने तो केला. हॅलास मूळचे बुडापेस्टचे आणि बॅचलर इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या. दोघांनी १९४० मध्ये लंडनला स्वतःची चित्रसंस्था काढली आणि युद्धाच्या काळात सरकारसाठी असे अनेक छोटे चित्रपट केले. १९५४ मध्ये 'ॲनिमल फार्म' हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट करणारे ते हेच. 'डस्टबिन परेड'मध्ये कचऱ्यात पडलेले एक हाड, एक पत्र्याचा डबा, एक टूथपेस्टची ट्यूब आणि एक भोवरा सैन्यात भरती व्हायला निघतात. दाखवण्यापूर्वी मुलांना एवढेच सांगावे लागेल की, तेव्हाची ट्यूब प्लास्टिकची नसून कथील किंवा शिसे यांची असे, म्हणून तिला मोडीत किंमत होती. हाड कशासाठी, हे मुले हमखास विचारतील. हाडांपासून सरस होतो, त्यांच्यातल्या चरबीपासून ग्लिसरीन निघते आणि उरलेल्या चुऱ्याचे खत होते.

मिनी माउसचा जो चित्रपट आपण पाहिला, तोही १९४२ चाच, 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायरिंग लाइन' या नावाचा. मिनी तव्यातली उरलेली चरबी प्लूटो कुत्र्याच्या ताटलीत ओतायला निघते आणि रेडिओवरचा आवाज तिला थांबवतो. त्यामागचे रसायनशास्त्र नववीच्या मुलांना नक्की आवडेल. चरबीचा साबण करताना ग्लिसरीन सुटे होते आणि त्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक मिळते. माझ्या मते हा चित्रपट दाखवावा, कारण चरबी गाळण्यापासून डबा खाटकाच्या दुकानात पोहोचवण्यापर्यंतचा घरगुती टप्पा त्यात नीट दिसतो. खाटकाच्या पुढे मात्र त्यातही एकदम तोफा येतात. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीची तक्रार १९४२ लाही लागू पडते, हे तिलाच ओळखू द्यावे.

माझा सर्वांत आवडता माणूस मात्र रिचर्ड मॅसिंगहॅम. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते, लंडनच्या तापाच्या रुग्णालयात काम करत, आणि तेथून ते चित्रपटांकडे वळले. स्थूल, गोंधळलेला, पण समजावून सांगितल्यावर ऐकणारा सामान्य नागरिक ते स्वतःच पडद्यावर उभा करत. 'द फाइव्ह इंच बेदर' या १९४२ च्या लघुपटाचा विषय एवढाच आहे की, कोळसा वाचवण्यासाठी टबात फक्त पाच इंच गरम पाणी घ्यावे. हा नियम राजवाड्यालाही लागू होता आणि तेथील टबांवर पाच इंचांची रेघ आखलेली होती. बादलीभर पाण्यात आंघोळ करणाऱ्या आपल्या मुलांना पाच इंच ही चैन वाटेल, आणि तसे त्यांनी बोलून दाखवले तर ती चर्चा अवश्य होऊ द्यावी.

मॅसिंगहॅम यांचाच १९४३ चा 'इन विच वी लिव्ह' हा लघुपट म्हणजे एका सुटाने स्वतः सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. आपल्याकडे शाळेत 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' असा निबंध लिहायला सांगतात, अगदी त्याच घाटणीचा हा चित्रपट असल्यामुळे मुलांना तो परका वाटणार नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले. पहिल्या वर्षासाठी माणशी ६६ कुपने मिळाली आणि पुरुषाचा जाकीट, कोट व पँट असा पूर्ण सूट घेतला की त्यातली २६ खर्ची पडत. त्यामुळे एक सूट उसवणे, उलटवणे, कापून धाकट्याच्या मापाचा करणे, हा घरोघरचा उद्योग झाला. हा चित्रपट संपल्यावर तुमच्या सतरंजीवरच्या आज्यांना गोधडीविषयी बोलायला सांगावे. जुन्या लुगड्याचे पदर, धोतराचे तुकडे आणि लेकराचे आंगडे एकावर एक अंथरून घातलेले ते धावदोऱ्याचे टाके त्यांच्या बोटांना ठाऊक आहेत.

याच मालिकेतला 'सॅल्व्हेज विथ अ स्माइल' हा १९४० चा एड्रियन ब्रुनेल यांचा लघुपट वगळला तरी चालेल. कागद, धातू आणि हाडे वेगळी ठेवा, हे त्यात सांगितले आहे, पण ते फार बोलून सांगितले आहे.

उत्तर: गिरणगावकर (मुंबई)

वरील उत्तरातील माहितीबद्दल माझे दुमत नाही. मात्र हे चित्रपट पर्यावरणाचे चित्रपट म्हणून दाखवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांत वाचवलेल्या प्रत्येक वस्तूचे शेवटी बॉम्ब, तोफगोळे किंवा विमान होते. जी मुले 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द ऐकून येतील, त्यांना हाडाचे स्फोटक झालेले पाहून टाळ्या वाजवायला लावणे योग्य नाही. दाखवावे, पण युद्धाचे चित्रपट म्हणूनच दाखवावे.

दुसरे असे की, काटकसरीचा हा सरकारी उपदेश त्याच वर्षांत आपल्यालाही ऐकवला जात होता. १९४० मध्ये मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले आणि काही काळ व्ही. शांताराम त्याचे प्रमुख निर्माते होते. १९४३ मध्ये त्याची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया या संस्थेने घेतली आणि सरकारमान्य लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. १९४६ मध्ये ती संस्था बंद झाली, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आले आणि मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारी लघुपट लावण्याची ती रीत पुढे अनेक दशके चालू राहिली. माझे वडील लालबागच्या एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवत. लोक लघुपट संपेपर्यंत बाहेर चहा पीत थांबत, हे त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. लोकांना माहितीचे वावडे होते असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरात वाया घालवायला काही नव्हतेच, त्यांना 'वाया घालवू नका' असे सांगितले जात होते.

१९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते, याचाही विसर पडू नये. इकडे महाराष्ट्रातही तो 'कंट्रोलचा काळ' होता. माझी आजी कंट्रोलच्या कापडाविषयी, त्याच्या रांगांविषयी आणि एकाच लुगड्यावर काढलेल्या दिवसांविषयी सांगत असे. लंडनमध्ये ६६ कुपनांचे नियंत्रण आले तेव्हा निदान प्रत्येकाला सारखी कुपने मिळाली. आपल्याकडे नुसती टंचाई आली. मिनी माउसच्या चित्रपटानंतर हे चार शब्द कोणीतरी मुलांना सांगितले, तर त्या चित्रपटाचा अर्थ त्यांना अधिक कळेल.

उत्तर: गोदाकाठ (नाशिक)

गिरणगावकर काकांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच युद्धाशी संबंध नसलेला एक चित्रपट सुचवते. मी फ्रेंच शिकवते. शिकवताना पॅरिसविषयीचे जुने मूकपट शोधत असताना जॉर्ज लाकोंब यांचा 'ला झोन' हा अनुबोधपट माझ्या पाहण्यात आला. लाकोंब हे फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेर यांचे सहायक होते आणि १९२८ मध्ये केलेला हा त्यांचा पहिला चित्रपट. लांबी अर्ध्या तासाच्या आत आहे आणि विषय आहे पॅरिसच्या वेशीबाहेर राहणाऱ्या चिंध्या व भंगार वेचणाऱ्यांचा एक दिवस. पिंपळपार ताई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेले 'मधले' म्हणजेच हा चित्रपट आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे त्यात जवळजवळ काहीच नाही.

'झोन' म्हणजे काय, हे प्रथम सांगायला हवे. १८४० च्या दशकात पॅरिसभोवती नवी तटबंदी बांधली गेली आणि तिच्या बाहेर सुमारे २५० मीटर रुंदीचा पट्टा, शत्रूवर मारा करता यावा म्हणून, बांधकामाला मनाई करून मोकळा ठेवला गेला. ज्या जमिनीवर पक्के घर बांधायला बंदी असते, तेथे ज्यांना पक्के घर परवडत नाही ते येऊन राहतात. पत्रा, फळ्या आणि जुन्या गाड्यांचे सांगाडे यांच्या झोपड्या तेथे उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या अनेकांचा धंदा चिंध्या-भंगार वेचण्याचा होता. लाकोंब यांचा कॅमेरा या माणसांबरोबर पहाटे निघतो, कचऱ्याची गाडी येण्याआधी शहरातल्या डब्यांतून माल काढून घेण्याची त्यांची लगबग पाहतो, वस्तीवर परत येतो, आणि मग निवडणीचे काम सुरू होते. कागद एकीकडे, चिंध्या दुसरीकडे, धातू तिसरीकडे. पुढे तो माल घाऊक व्यापाऱ्याकडे वजनावर जातो. पालिकेच्या गाड्या कचरा नेतात तो यंत्रांचा कारखानाही चित्रपटात दाखवला आहे, त्यामुळे हाताने चाललेले काम आणि यंत्राने चाललेले काम शेजारी शेजारी पाहता येते. मध्येच, वस्तीतल्या एका मोडक्या गाडीत राहणारी एक वृद्ध स्त्री भेटते. ती म्हणजे 'ला गूल्यू', एके काळी पॅरिसचे मुलँ रूज हे नृत्यगृह गाजवणारी नर्तकी, जिला चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९१ मध्ये आपल्या भित्तिपत्रकात अमर केले. चित्रीकरणानंतर थोड्याच काळात, जानेवारी १९२९ मध्ये, ती वारली. मुलांना तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आज्यांना तिचा चेहरा पाहून काहीतरी समजेल.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात आणि ते एका माणसाचे आडनाव आहे. यूजेन पूबेल हे पॅरिस ज्यात येते त्या सेन प्रांताचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी प्रशासक होते. त्यांच्या हुकुमाने १८८४ च्या आरंभापासून पॅरिसमधल्या घरमालकांना झाकणाचे डबे ठेवणे सक्तीचे झाले. हुकूम तीन डब्यांचा होता: ओल्या कचऱ्याचा एक, कागद आणि चिंध्यांचा दुसरा, आणि काच, फुटकी भांडी व शिंपल्यांच्या टरफलांचा तिसरा. ओला-सुका वेगळा करा म्हणून आज आपण जे सांगतो, ते तेथे सुमारे १४० वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्या हुकुमाला विरोध केला तो वेचणाऱ्यांनी, कारण कचरा थेट डब्यात आणि डबा थेट गाडीत गेला तर त्यांच्या हाताला काय लागणार? स्वच्छतेचा निर्णय घेताना ज्यांचे पोट त्या कचऱ्यावर आहे, त्यांना कोणी विचारले नव्हते. तुम्ही पुण्यात आहात, तेथे १९९३ पासून कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' आहे. त्या नावातले पहिले तीन शब्द आणि पूबेलचे डबे एकत्र ठेवून पाहावेत, असे मला सुचवावेसे वाटते.

कायद्याविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्व प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकते, त्यामुळे येथे सुचवलेले १९२८ ते १९४३ मधले सगळे चित्रपट आपल्या देशात त्या मुदतीच्या बाहेर आलेले आहेत. मूकपटाला नंतर कोणी संगीत जोडले असेल तर त्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात. म्हणून 'ला झोन' आवाज बंद करून दाखवावा, आणि मूकपट असल्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. मध्ये येणाऱ्या फ्रेंच पाट्यांचे मराठी भाषांतर मी आनंदाने करून देईन.

जाता जाता, फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस व्हार्दा यांचा सुगीनंतर शेतात उरलेले वेचणाऱ्यांवरचा २००० सालचा अनुबोधपट मोठ्यांनी जरूर पाहावा. त्यात बाजारासाठी नाकारलेल्या बटाट्यांच्या ढिगातून त्या हृदयाच्या आकाराचे बटाटे निवडून घरी नेतात. आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात ते हेच, पण तो चित्रपट अजून हक्काच्या मुदतीत आहे आणि तो एकटाच जवळजवळ दीड तास घेईल.

उत्तर: टेम्सकाठ (लंडन)

मी मूळची साताऱ्याची, १२ वर्षांपासून दक्षिण लंडनमध्ये राहते. येथे रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

युद्धात घराघरांपुढची आणि बागांची लोखंडी कुंपणे कापून नेण्यात आली. आजही जुन्या घरांपुढच्या दगडी कठड्यांवर कापलेल्या गजांचे खुंट ओळीने दिसतात. आमच्या रस्त्यावरून चालताना माझा मुलगा त्यांवरून बोट फिरवत जातो. त्याच्या थोडे पुढे पेकहॅम आणि ब्रिक्स्टन भागांतल्या काही सार्वजनिक वसाहतींचे कुंपण विचित्र आहे. पोलादी नळ्यांची चौकट, मध्ये जाळी, आणि दोन्ही टोकांना नळ्यांना खाली दिलेली छोटी वळणे. ती जाळी म्हणजे हवाई हल्ल्यांतल्या जखमींना उचलून नेण्याची स्ट्रेचर आहेत. बॉम्बहल्ल्यांत प्रचंड मनुष्यहानी होईल, या भीतीने ती लाखोंच्या संख्येने तयार केली होती. कापडाऐवजी जाळी अशासाठी की, विषारी वायूचा हल्ला झाला तर धुऊन घेता यावीत, आणि टोकांना वळणे अशासाठी की, जमिनीवर ठेवल्यावर उचलताना हात खाली जावा. युद्ध संपल्यावर ती उरली आणि कुंपणे तर गेलेलीच होती, तेव्हा लंडनच्या पालिकेने ती उभी जोडून त्यांची कुंपणे केली. कुंपणांचे लोखंड युद्धात गेले आणि युद्धातले लोखंड कुंपण होऊन परत आले. याचे छायाचित्र मी पाठवू शकते. चित्रपट सुरू होण्याआधी ते पडद्यावर दाखवून 'हे पूर्वी काय असेल?' असे मुलांना विचारता येईल.

रिळांची पेटी यांनी ज्या मोहिमांचे चित्रपट सुचवले आहेत, त्यांच्याविषयी एक सावधगिरीची सूचना करते. जुलै १९४० मध्ये विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी गृहिणींना ॲल्युमिनियमची भांडी देण्याचे आवाहन केले आणि त्यांची स्पिटफायर व हरिकेन विमाने होतील असे सांगितले. बायकांनी ढिगाने भांडी दिली. त्यांतले नेमके किती ॲल्युमिनियम विमानांत गेले आणि मोहिमेचा खरा उपयोग माल मिळवण्याचा होता की घराघरातल्या लोकांना लढाईत सामील झाल्यासारखे वाटायला लावण्याचा, यावर येथील इतिहासकारांत वाद आहे. कुंपणांच्या लोखंडाविषयीही तोच वाद आहे. चित्रपट जेव्हा कढईतून थेट विमानावर उडी घेतो, तेव्हा त्या फटीत कधी कामगारांचे कष्ट लपलेले असतात आणि कधी न झालेले कामही लपलेले असते. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटला.

उत्तर: काडेपेटी (औरंगाबाद)

इतक्या गंभीर चित्रपटांबरोबर मुलांच्या हातांना काही काम मिळावे, म्हणून पुण्यातलेच नाव सुचवतो. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यावर केलेले छोटे चित्रपट दूरदर्शनवर दाखवले गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायच्या, आणि चौकोन कलतो पण त्रिकोण का कलत नाही, हे बोटांनी शोधायचे. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसोबत काम केले. यातले पाच-सहा मिनिटांचे एक प्रात्यक्षिक दाखवून लगेच साहित्य वाटावे. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते.

उत्तर: रिळांची पेटी (कोल्हापूर)

टेम्सकाठ यांची सूचना मला पूर्ण मान्य आहे, आणि 'ला झोन' मी सुचवायला हवा होता. माझे लक्ष ब्रिटिश चित्रपटांवरच राहिले. सरकारी चित्रपट गृहिणीला उद्देशून बोलतात, कारण वस्तू जपणे तिला शिकवायचे आहे असे ते धरून चालतात. लाकोंब ज्यांच्याकडे पाहतात त्यांना ते शिकवायची गरजच नव्हती. आपल्याकडेही भांड्याच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण, कल्हईवाला, भांडी मोडीत घेणारा कासार, रद्दीवाला यांना कोणी लघुपट दाखवून तयार केले नाही. ताई, दोन्ही प्रकार दाखवायचे झाल्यास क्रम कसा ठेवणार, हे अवश्य कळवावे.

पिंपळपार (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

गोदाकाठ ताईंनी पाट्यांचे भाषांतर दोन दिवसांत पाठवले. काल रात्री त्या मुलीची आई आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या तिघी, अशा चौघींना वाचनालयात बोलावून आम्ही 'ला झोन' आधी दाखवून पाहिला. झोपड्या पाहताना त्या गप्प होत्या. निवडणीचे दृश्य आले तेव्हा एकीने "थांबव, थांबव" म्हटले आणि आम्ही ते तीनदा मागे घेऊन दाखवले. माल कसा वेगळा करत आहेत, कुठली रास कुठली असेल, यावर त्या चौघी आपसांत बोलू लागल्या. आम्हाला त्या ढिगांत नुसता ढीग दिसत होता. त्यांना पांढरा कागद वेगळा आणि पुठ्ठा वेगळा दिसत होता, आणि कोणत्या राशीला भाव जास्त असणार याचा अंदाजही त्या करत होत्या. यंत्रांचा कारखाना पडद्यावर आल्यावर त्या मुलीची आई म्हणाली, "इथनं पुढं आपल्याला काही मिळायचं नाही." पूबेलच्या डब्यांची गोष्ट मी तिला तोवर सांगितलेली नव्हती.

आता क्रम असा ठरवला आहे. आरंभी टेम्सकाठ ताईंच्या स्ट्रेचरच्या कुंपणाचे छायाचित्र आणि त्यावरचे कोडे. मग लगेच 'ला झोन', आवाज बंद ठेवून. पाट्या आठवीतला एक मुलगा वाचेल आणि निवडणीच्या दृश्याला त्या चौघींपैकी दोघी पडद्याजवळ उभ्या राहून माल ओळखून दाखवतील. त्यानंतर 'डस्टबिन परेड' आणि मिनी माउस, आणि त्यांच्या मध्ये कंट्रोलच्या काळाविषयी आमच्याकडच्या ८६ वर्षांच्या एक आजी बोलतील. गिरणगावकर काका, हे चित्रपट युद्धासाठी केलेले आहेत, हे आधी सांगूनच आम्ही ते सुरू करू. सुटाचे आत्मवृत्त आणि गोधड्या जुलैसाठी राखून ठेवल्या आहेत, कारण त्या विषयावर आज्या एकदा बोलू लागल्या की दुसऱ्या कशाला वेळ उरणार नाही. शेवटी आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब.

'ला झोन' शेवटी ठेवावा, असे आमच्यातल्या काहींचे मत होते, कारण तो सर्वांत वजनदार आहे. त्या मुलीच्या आईने ते नाकारले. त्यांना पहाटे चारला निघायचे असते, त्या नऊच्या आत घरी गेलेल्या बऱ्या, म्हणून त्यांचा चित्रपट आधी लागेल.

कार्यक्रम २८ जूनला संध्याकाळी साडेसहाला सुरू होईल. पुण्यात असलेल्यांनी जरूर यावे, आणि येताना घरातली जुनी सायकलची ट्यूब असल्यास घेऊन यावी.